तांबड्या रक्तपेशीवरची साखर बाहेरच्याच बाजूला का असते?

अकरावी जीवशास्त्र, सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. प्रद्रव्यपटलाचा, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाचा, भाग शिकवताना मी पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिला जाणारा आकडा फळ्यावर लिहिला : मानवी तांबड्या रक्तपेशीच्या पटलात सुमारे ५२ टक्के प्रथिने आणि ४० टक्के मेद असतात. एका विद्यार्थिनीने लगेच बेरीज केली आणि उरलेले ८ टक्के काय आहे, असे विचारले. ती कर्बोदके आहेत असे सांगितल्यावर वर्गातून आणखी प्रश्न आले, आणि त्यांची उत्तरे मला पुस्तकात नीट सापडली नाहीत.

आधीच्या प्रकरणात आपण कर्बोदके म्हणजे पेशीचे इंधन असे शिकवतो. मग हे इंधन पटलावर कशासाठी, आणि प्रत्येक आकृतीत साखरेच्या साखळ्या पटलाच्या बाहेरच्याच बाजूस का काढलेल्या असतात? दुसरे असे, की पटल मेदाचे असेल तर आपण खातो त्या करडईच्या तेलाचा आणि पटलातील मेदाचा संबंध काय? एका मुलाने तर तेलकट खाणाऱ्याचे पटल जाड होते का, असेही विचारले. वर्ग हसला, पण प्रश्न टाकाऊ नव्हता. तिसरा प्रश्न माझा स्वतःचा आहे. ग्लुकोजची पेशीला एवढी गरज असताना तेच पटलातून सहज का जाऊ नये?

‘पेशीला तसे सोयीचे असते म्हणून’ या प्रकारचे उत्तर मुलांना पटत नाही आणि मलाही पटत नाही. हे कसे घडते, ते कोणी सांगू शकेल का?

निवृत्त प्राध्यापक, जैवरसायनशास्त्र

मॅडम, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पटल कशाचे आहे हे स्पष्ट झाल्याशिवाय साखर बाहेर का असते ते सांगता येणार नाही.

करडईचे, शेंगदाण्याचे किंवा कोणतेही खाद्यतेल मुख्यतः ट्रायग्लिसराइडचे असते. त्यात ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली असतात आणि पाण्याशी जमवून घेईल असा भाग जवळजवळ उरतच नाही. असे रेणू पाण्यात एकत्र येऊन थेंब तयार करतात, पापुद्रा तयार करीत नाहीत. पटलातील फॉस्फोलिपिडमध्ये तिसऱ्या मेदाम्लाच्या जागी फॉस्फेट आणि त्याला जोडलेला कोलिनसारखा गट असतो. त्यामुळे एकाच रेणूला जलस्नेही डोके आणि दोन जलद्वेषी शेपट्या मिळतात. असे रेणू पाण्यात सोडले की शेपट्या आत आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, अशी दुहेरी रचना आपोआप होते. तिची जाडी सुमारे ५ नॅनोमीटर असते. ही जाडी मुख्यतः शेपट्यांच्या लांबीवर ठरते, आणि त्या बहुधा १६ ते १८ कार्बनच्या असतात. त्यामुळे तेल कितीही खाल्ले तरी पटलाला तिसरा थर चढत नाही. जादा तेल मेदपेशींत थेंबाच्या रूपात साठते, आणि गंमत म्हणजे त्या थेंबाभोवतीही फॉस्फोलिपिडचाच एक थर असतो. तेथे मात्र तो एकेरी असतो, कारण आत पाणी नसून तेलच असते.

पटलात मेदाचे दोन थर असतात हा निष्कर्ष तांबड्या रक्तपेशींवरूनच निघाला होता. १९२५ साली नेदरलंड्समध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी या पेशींतील मेद काढून पाण्याच्या पृष्ठभागावर एकेरी थरात पसरवले, तेव्हा त्यांचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठफळाच्या दुप्पट भरले. त्यांचे मेद पूर्णपणे निघाले नव्हते आणि पेशींचे पृष्ठफळही त्यांनी कमीच धरले होते. दोन्ही चुका एकमेकींना छेदून गेल्या आणि उत्तर बरोबर आले. मुलांना हे जरूर सांगावे. पुस्तकातील सरळ रेषेपेक्षा विज्ञान असे वाकडेतिकडेच पुढे जात असते.

आता साखरेकडे येतो. पटलावरील साखर मोकळी नसते. ती प्रथिनाला किंवा मेदाला सहसंयुज बंधाने जोडलेली असते, आणि हे जोडकाम पटल तयार झाल्यावर पेशीच्या पृष्ठभागावर बसून होत नाही. ते अंतर्द्रव्यजालिका आणि गॉल्गी संकुल या पेशीतील, स्वतःचे पटल असलेल्या अंगकांच्या पोकळीच्या आतल्या बाजूस होते, कारण साखर जोडणारी बहुतेक विकरे (एन्झाइम) त्या पोकळीकडे तोंड करून बसलेली असतात. गॉल्गीतून सुटलेली पिटिका, म्हणजे पटलाची लहानशी पिशवी, प्रद्रव्यपटलात विलीन होते, तेव्हा जे पिटिकेच्या आत होते ते पेशीच्या बाहेर येते. वर्गात कागदावर दोन वर्तुळे काढा, लहान वर्तुळाची आतली कड लाल पेन्सिलीने रंगवा आणि ते मोठ्या वर्तुळाला आतून जोडून उघडा. लाल कड बाहेर आलेली दिसेल. साखर बाहेरच्या बाजूस ‘निवडून’ ठेवली जात नाही, ती जेथे जोडली जाते त्या जागेमुळेच तिची बाजू ठरते.

यावर मुले विचारतील, की मग ती नंतर आत उलटत का नाही. पटलातील मेदाचे रेणू आपल्या थरात अतिशय वेगाने सरकतात. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची आणि माणसाची पेशी एकत्र सांधली, तेव्हा दोन्हींची पृष्ठभागावरील प्रथिने ३७ अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ४० मिनिटांत एकमेकांत मिसळून गेली. हे सरकणे आडवे असते. एका थरातून दुसऱ्या थरात उलटायचे तर जलस्नेही डोक्याला मधला तेलकट भाग पार करावा लागतो, आणि ते आपोआप होण्यास कित्येक तास, कधी दिवसही लागतात. साखरेची साखळी असलेले डोके तर आणखी अवजड, आणि प्रथिन मुळीच उलटत नाही. म्हणजे साखरेला बाहेर धरून ठेवणारा घटक मेद हाच आहे.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत सुंदर भाग डॉलिकॉलचा आहे, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याला वगळले आहे याचे मला वाईट वाटते. प्रथिनावर बसवायची साखरेची साखळी आधी डॉलिकॉल नावाच्या लांबलचक मेदरेणूवर रचली जाते. तिचे पहिले सात घटक अंतर्द्रव्यजालिकेच्या बाहेरच्या, म्हणजे पेशीद्रवाकडील बाजूस जोडले जातात. मग तो मेद साखळीसकट पोकळीत उलटवला जातो. हे काम आपोआप होत नाही, त्यासाठी प्रथिनांची मदत लागते. आत आणखी सात घटक जोडले जातात आणि चौदा घटकांची ती साखळी, तयार होत असलेल्या प्रथिनाच्या ॲस्परजिन या अमिनो आम्लावर एकदम चढवली जाते. कर्बोदके वेगळी आणि मेद वेगळे असे आपण दोन प्रकरणांत शिकवतो, पण पेशीत एकाची बांधणी दुसऱ्याच्या अंगावर होत असते.

होटगी रोड

सर, माझा एक प्रश्न आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि त्यांची एचबीएवनसी तपासणी नेहमी होते. त्यात हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात असे डॉक्टरांनी सांगितले होते. हिमोग्लोबिन तर पेशीच्या आत असते. मग साखर बाहेरच असते हे कसे?

निवृत्त प्राध्यापक, जैवरसायनशास्त्र

चांगली शंका आहे. ते चिकटणे विकरांच्या मदतीने झालेले नसते. रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशीत शिरते आणि हिमोग्लोबिनला रासायनिक क्रियेने हळूहळू आपोआप जोडले जाते. ग्लुकोज जितके जास्त आणि पेशीचे वय जितके अधिक, तितके हे प्रमाण वाढते. या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने त्यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. मी वर सांगितलेल्या साखळ्या मात्र ठरावीक जागी, ठरावीक क्रमाने विकरांनी बांधलेल्या असतात.

तसेच पेशीच्या आत विकरांनी जोडलेली साखर कधीच नसते असेही नाही. पेशीद्रवातील आणि केंद्रकातील अनेक प्रथिनांवर ॲसिटिलग्लुकोसॲमाइन या शर्करेचा एकच घटक जोडलेला आढळतो, आणि हे १९८४ पासून माहीत आहे. पण तो एकटा घटक असतो, फांद्या फुटलेली साखळी नव्हे, आणि तो वारंवार काढला-घातला जातो.

ग्लुकोज तांबड्या पेशीत शिरते कसे, हे मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नाशी जोडलेले आहे. ग्लुकोजवर विद्युतभार नसला तरी त्याचे पाच हायड्रॉक्सिल गट पाण्याला धरून असतात. मेदाच्या भागात शिरण्यासाठी ते पाणी सोडावे लागते, म्हणून ते स्वतःहून जवळजवळ जातच नाही. त्याला वाट करून देणारी वाहक प्रथिने असतात. तांबड्या पेशीवर ग्लुट-१ असते आणि त्याला इन्सुलिनची गरज नसते. स्नायूंत आणि मेदपेशींत ग्लुट-४ असते आणि ते इन्सुलिनच्या संकेतावर पृष्ठभागाकडे येते. आत आलेल्या ग्लुकोजला पेशी लगेच फॉस्फेट जोडते. भारित झालेला तो रेणू मग त्या वाहकातूनही परत जाऊ शकत नाही.

येथे यकृताचे उदाहरण अवश्य द्यावे. यकृतपेशीत साठलेल्या ग्लायकोजेनमधील सगळे ग्लुकोज सुटे केले, तर त्याची संहती सुमारे ०.४ मोलर होईल, आणि परासरणाने पाणी आत घुसून पेशी फुटेल. तेच ग्लुकोज ग्लायकोजेनच्या मोजक्या, प्रचंड रेणूंत गुंफले की परासरणाचा दाब नाममात्र राहतो. कर्बोदकाचे साठवणुकीचे रूपदेखील पटलाच्या मर्यादेनेच ठरलेले आहे.

रक्तपेढी तंत्रज्ञ

सरांनी ‘कसे’ ते सांगितले. ‘कशासाठी’ याबद्दल रक्तपेढीत रोज दिसणारी गोष्ट मी जोडतो. आपण ए, बी, ओ म्हणतो ते रक्तगट म्हणजे याच साखळ्यांची शेवटची टोके आहेत. पायाभूत साखळीच्या टोकाला फ्युकोज बसले की एच प्रतिजन (प्रतिकारयंत्रणा ओळखते ती खूण) तयार होते. त्यावर ॲसिटिलगॅलॅक्टोसॲमाइन चढले तर ए आणि साधे गॅलॅक्टोज चढले तर बी. दोन्ही चढवणारी विकरे नसली, तर एच तसेच राहते आणि त्याला आपण ओ म्हणतो. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली हे गट प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागे साखर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. एका शर्करा घटकाचा फरक आणि चुकीचे रक्त चढवले तर रुग्णाच्या जिवावर बेतते. याउलट ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ म्हणतात तो आरएच-डी घटक प्रथिन आहे, साखर नव्हे; मुलांची येथे हमखास गल्लत होते.

पटलावर साखर नसली तर काय होते, याचे उत्तर आपल्याच राज्यातून मिळाले आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट प्रसिद्ध केला. या व्यक्तींमध्ये फ्युकोज बसवणारे विकरच काम करीत नाही, म्हणून एच तयार होत नाही, आणि पाया नसल्यामुळे ए किंवा बीचे जनुक असूनही ते चढत नाहीत. नेहमीच्या तपासणीत ही व्यक्ती ओ गटाची वाटते. पण तिच्या सीरमने ओ गटाच्या पेशीही गोळा होतात, कारण तिच्या शरीराला एच परके असते. म्हणून आम्ही रिव्हर्स ग्रुपिंग करताना, म्हणजे व्यक्तीचे सीरम ठाऊक गटाच्या पेशींशी मिसळून पाहताना, ए आणि बी पेशींबरोबर ओ पेशींचीही नळी लावतो. ती नळी टाळणे म्हणजे रुग्णाच्या जिवाशी खेळणे आहे, हे मी नव्या मुलांना नेहमी बजावतो. ही माणसे एरवी पूर्णपणे निरोगी असतात; एच नसल्याने तांबड्या पेशीचे काही अडत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

आणखी एक. तांबड्या पेशीवरील ए-बी साखळ्या बहुतांशी बँड-३ नावाच्या प्रथिनावर असतात, काही मेदावर असतात, आणि काही सरांनी सांगितलेल्या ग्लुट-१ वाहकावरही असतात. म्हणजे ग्लुकोज ज्या प्रथिनातून आत जाते, त्याच्याच बाहेरच्या अंगावर आपला रक्तगट लिहिलेला असतो.

भीमातीर

मी पंढरपूर परिसरात आरोग्यसेवेत आहे. आषाढी वारीच्या काळात आम्ही क्षारसंजीवनीची पाकिटे मोठ्या प्रमाणावर ठेवतो आणि ‘जुलाबात साखर कशाला?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर पटलातच आहे. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक असा आहे, जो ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतो. ग्लुकोज नसेल तर त्या वाटेने सोडियम जात नाही, आणि सोडियम गेले नाही तर त्यामागून पाणी जात नाही. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० साली मांडली. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी देऊन असंख्य लोकांचे प्राण वाचवले. सध्याच्या सूत्रात लिटरमागे ग्लुकोज आणि सोडियम प्रत्येकी ७५ मिलिमोल असते. अंदाजाने जास्त साखर टाकल्यास आतड्यातील द्रवाचा परासरण दाब वाढून पाणी उलट बाहेर ओढले जाते आणि जुलाब वाढतात. म्हणून पाकिटावरील पाण्याचे प्रमाण पाळलेच पाहिजे.

पटकीचे विषही पटलावरील साखरच शोधत येते, हे मला विशेष वाटते. कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली हे विष जंतूंच्या बाहेरही असते, असे दाखवून दिले. आतड्याच्या पेशीवर जीएम-१ नावाचा एक मेद असतो; त्याची शेपटी पटलात रुतलेली आणि साखरेचे डोके बाहेर असते. विषाचे पाच घटक त्या डोक्यांना धरतात आणि सहावा घटक पेशीत जाऊन क्लोराइडची वाट उघडी ठेवतो, मग पाणी बाहेर वाहू लागते. या सगळ्यात ग्लुकोज-सोडियमचा वाहक मात्र शाबूत राहतो. तो बिघडला असता तर क्षारसंजीवनीचा काही उपयोग झाला नसता. गेल्या शतकाच्या आधी पंढरीच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार येत. त्या काळी यांतले काहीच माहीत नव्हते.

मोहोळ शिवार

कृषी पदवीधर म्हणून वनस्पतींची बाजू थोडक्यात मांडतो, कारण मॅडमचे विद्यार्थी याच मातीतले आहेत. मालदांडी ज्वारीच्या दाण्यातील पिष्ट आणि तिच्या कडब्यातील सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या आहेत. पिष्टातील बंध अल्फा प्रकारचे असल्याने आपण भाकरी पचवतो. सेल्युलोजमधील बंध बीटा प्रकारचे असल्याने कडबा आपल्या कामाचा नाही, आणि जनावरेही तो पोटातील सूक्ष्मजीवांच्या भरवशावरच पचवतात. सेल्युलोज तयार करणारी विकरे प्रद्रव्यपटलातच बसलेली असतात. ती ग्लुकोजचे घटक आतून घेतात आणि साखळी थेट पटलाबाहेर सोडतात. प्राध्यापकसाहेबांनी सांगितलेल्या गॉल्गीच्या वाटेला हा एक मोठा अपवाद आहे, कारण येथे साखर पिटिकेतून येत नाही.

करडईबद्दलही सांगतो. रब्बीत कोरडवाहू काळ्या जमिनीत येणाऱ्या या बियांच्या तेलात नेहमीच्या वाणांत सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्ल असते, म्हणजे दोन दुहेरी बंध असलेले मेदाम्ल. दुहेरी बंधामुळे शेपटी वाकते, शेपट्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत आणि तेल पातळ राहते. पटलातही नेमके हेच चालते. थंडीत पटल घट्ट होऊ लागले की वनस्पती आणि जिवाणू वाकड्या शेपट्यांचे प्रमाण वाढवतात, उन्हाळ्यात ते कमी करतात. सोलापूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, तेव्हा पटल फार पातळ झाले तर त्यातून आयन झिरपू लागतात. प्राण्यांच्या पटलात हा तोल राखण्यास कोलेस्टेरॉलची मदत होते. वनस्पतींत त्याच्याच जातीचे सिटोस्टेरॉलसारखे रेणू असतात. कोलेस्टेरॉल म्हणजे फक्त हृदयाचा शत्रू, असे मुलांच्या मनावर बिंबले आहे. ते मूळचे पटलाचे घटक आहे, हे त्यांना कळायला हवे.

आपण खातो त्या मेदाम्लांचा पटलावर परिणाम होतच नाही असे मात्र समजू नये. लिनोलेइक आम्ल आपले शरीर तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच येते आणि पटलाच्या शेपट्यांत बसते. म्हणजे त्या विद्यार्थ्याला सांगता येईल, की तेलाने पटलाची जाडी बदलत नाही, पण त्याच्या शेपट्यांची निवड काही अंशी बदलते.

अकरावी जीवशास्त्र, सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. दोन वर्तुळांचे चित्र मी उद्याच वर्गात काढून घेईन, आणि ओ पेशींच्या नळीची गोष्टही सांगेन. एक शंका मात्र उरली आहे. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते, अंतर्द्रव्यजालिका नसते आणि गॉल्गीही नसते. मग तिच्या पृष्ठभागावरील साखर झिजली किंवा गळाली तर ती नव्याने कशी बसवली जाते?

निवृत्त प्राध्यापक, जैवरसायनशास्त्र

बसवली जात नाही. साखर चढवण्याचे काम अस्थिमज्जेतील पूर्वपेशीतच पूर्ण झालेले असते आणि त्या पुंजीवर ही पेशी आयुष्य काढते. जुनी होताना तिच्या पटलाचे लहान लहान तुकडे सुटून जातात आणि पृष्ठफळ घटते. आतल्या थरात राखलेले फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचे मेद बाहेरच्या थरात दिसू लागले, तर भक्षकपेशी त्याला खूण समजून ती पेशी गिळतात. तरुण पेशीत हे मेद आत ठेवण्यासाठी एक प्रथिन सतत ऊर्जा खर्च करीत असते.

रक्तपेढी तंत्रज्ञ

सरांच्या म्हणण्याला एक अपवाद आमच्या कामात भेटतो. लुईस या आणखी एका रक्तगटाची प्रतिजने तांबडी पेशी स्वतः तयार करीतच नाही. ती साखर असलेल्या मेदाच्या रूपात इतरत्र तयार होऊन रक्तद्रवात येतात, आणि त्यांची शेपटी पेशीच्या बाहेरच्या थरात रुतते. त्यामुळे लुईस गट वेगळा असलेल्या दात्याच्या पेशी चढवल्या, तर काही दिवसांत त्यांच्यावर रुग्णाच्याच लुईस गटाची साखर आढळू लागते. गरोदरपणात ही प्रतिजने पुष्कळदा फिकी पडतात, म्हणून त्या काळात केलेल्या लुईस तपासणीवर आम्ही एकदम विसंबत नाही.